कलेच्या घरी उमेदवारी

आमच्या रात्रीच्या वर्गात पाचगणीच्या खालच्या अंगाच्या एका गावचे शेतकरी येतात. वय पन्नाशीचे. दोन वर्षांत ते चांगले वाचू लागले आहेत. एके दिवशी वर्ग सुटला तरी ते उठेनात. मग हळूच म्हणाले, “गुरुजी, पोरगी म्हनतीया, दोन म्हैनं एका कलेच्या संस्थेत काम कराय जानार. पगार न्हाई. मंग त्यो धंदा कसला वो?”

मुलगी कॉलेजात शिकते. हात चित्रकलेला चांगला. सुट्टीत घरी असली म्हणजे स्ट्रॉबेरीच्या कामात तिचा मोठा आधार. ती दोन महिने गेली तर एक मजूर लावावा लागणार. वर बाहेरगावचा खर्च. बापाच्या जिवाला घोर लागला तो काही उगीच नाही.

आम्ही त्यांना म्हणालो, “पाटील, याला आपल्याकडे जुना शब्द आहे. उमेदवारी.”

सुताराकडे पोरगा राहतो. आधी रंधा धरायला शिकतो, मग लाकूड ओळखायला शिकतो. शिंप्याकडे आधी काज-बटण, मग कात्री. तीच गोष्ट आता कॉलेजची मुले करतात. तिला ‘इंटर्नशिप’ असे इंग्रजी नाव पडले आहे, एवढेच. 2020 साली देशाचे नवे शिक्षण धोरण आले. तेव्हापासून अशी उमेदवारी पुष्कळ कॉलेजांत अभ्यासाचाच भाग झाली आहे.

पण चित्रे, मूर्ती, गाणे यांच्या घरी उमेदवाराने करायचे तरी काय? पाचगणीचेच उदाहरण घेऊ. येथे देवराई नावाचे कलाग्राम आहे. गडचिरोली आणि बस्तरकडचे आदिवासी कारागीर तेथे काम करतात. त्यांची कला म्हणजे ढोकरा. पितळेच्या मूर्ती ओतण्याची ही फार जुनी रीत आहे. आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाच्या बारीक वाती गुंडाळून नाक, डोळे, दागिने उठवतात. वरून मऊ मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा लेप. एक तोंड मोकळे ठेवतात. मग साचा भट्टीत घालतात. मेण वितळून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. त्या जागेत वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात, की आत मूर्ती. साचा फुटतो म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. देवराईत धातूला दगडाचीही जोड देतात.

मोहनजोदडोला नाचणाऱ्या मुलीची वीतभरसुद्धा नसलेली एक मूर्ती सापडली, ती याच रीतीने ओतलेली आहे. तिला चार हजारांवर वर्षे झाली. इतकी वर्षे ही विद्या पुस्तकापेक्षा हातातच राहिली. बापाच्या हातातून मुलाच्या हातात आली. मुलगा मजुरीला शहरात गेला की तेथेच ती तुटते. मेण किती मऊ असावे, पितळ केव्हा ओतावे, हे कारागिराला डोळ्याने कळते, पण त्याला ते लिहिता येत नाही. शिकलेल्या मुलांना लिहिता येते, पण हाताला कळत नाही. दोघे दोन महिने एका भट्टीपाशी बसले तर दोघांचेही काम होते. मुलाने कृती लिहून घ्यावी, फोटो काढावेत, मालाची यादी करावी, आलेल्या माणसांना समजावून सांगावे. आणि हात काळे करावेत, हे तर आलेच.

गाण्याच्या घरची हकीकत तर आपल्या शेजारच्या मिरजेचीच आहे. विष्णु दिगंबर पलुसकर हे कुरुंदवाडचे. जन्म 1872 चा. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले. शाळा सुटली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मोठे गवई होते. त्यांच्याजवळ हा मुलगा शिकू लागला. त्या काळी शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे, आणि गुरूची मर्जी झाली की चार स्वर पदरात पडावेत, अशी चाल होती. कितीएक मुलांची उमर पाणी भरण्यातच गेली.

पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा. तेथे त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ ठेवला. त्यातील मुलांना राहणे, जेवणे फुकट. मुलांनी गाणे शिकायचे, पुढे इतरांना शिकवायचे, आणि किती वर्षे राहायचे ते आधीच ठरलेले. म्हणजे देणे काय आणि घेणे काय, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. आमच्या मते पलुसकरांची ही करामत त्यांच्या गाण्याहून कमी नव्हती. मिरजेचे विनायकराव पटवर्धन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्यांनी 1932 मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले.

संस्था म्हटली की तिला पैशाची ओढ असतेच. पलुसकरांनी मुंबईस मोठी इमारत बांधली. ती कर्जापायी लिलावात गेली. 1931 साली मिरजेस ते वारले. इमारत राहिली नाही, पण तयार केलेली मुले राहिली. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या परीक्षा आज देशभर होतात.

पाटील हे सारे ऐकून म्हणाले, “ते खरं, पर आमची पोर तितं झाडलोटच करत बसली तर?”

शंका रास्त होती. आमचा एक विद्यार्थी असाच एका शहरात गेला होता. दोन महिने त्याने खुर्च्या मांडल्या, चहा वाटला. परत येताना एक छापील दाखला मिळाला. त्यात ‘उत्तम काम केले’ असे लिहिले होते. कोणते काम, ते नव्हते. खुर्च्या मांडण्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यासाठी बापाने गाडीभाडे का भरावे?

कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे. त्यात लेखी करार आणि दरमहा विद्यावेतन आहे. कलेच्या संस्थेत थोडे दिवस जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांना तो सहसा लागू पडत नाही. म्हणून कागदावर काय आहे ते पाहावे. संस्था नफा वाटून न घेणारी असेल, तर ती बहुधा धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असते. नोंदणीचा क्रमांक पत्राच्या डोक्यावर असतो. नसेल तर विचारावा. विचारल्याने कोणी रागावत नाही. रागावलेच, तर मुलगी घरीच बरी!

मुलीला आलेले पत्र पाटलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात आणले. म्हणाले, “म्या वाचतो. तुमी ऐका.” बोट ठेवून त्यांनी अख्खे पत्र वाचले. अर्धा तास लागला. नोंदणी क्रमांक सापडला. काम काय, तेही होते. जुन्या चित्रांची यादी करणे, त्यांची माहिती लिहिणे. राहण्याविषयी मात्र एक ओळ नव्हती. मग मुलीला शेजारी बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. ते असे होते :

“सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीस आपण बोलावले, आनंद वाटला. खालील गोष्टी कळवाव्यात. ती राहणार कोठे? सोबत दुसऱ्या मुली आहेत काय? जेवणाचा खर्च कोणाकडे? काम शिकवणार कोण? तिने लिहिलेल्या माहितीवर तिचे नाव घालणार काय? मी तिला सोडण्यास स्वतः येईन.”

नावाचा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. तो मुलीचा.

उत्तर आठ दिवसांनी आले. राहणे मुलींच्या वसतिगृहात. दुपारचे जेवण संस्थेचे, रात्रीचे स्वतःचे. शिकवणाऱ्या बाईंचा फोन नंबर दिला होता. नाव घालू, असेही लिहिले होते. पाटलांनी रात्रीच्या जेवणाचा साठ दिवसांचा हिशेब वहीत मांडला. बेरीज दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मग म्हणाले, “मजुराचं बघतो कसंतरी,” आणि मुलीला घेऊन वाईच्या गाडीची वेळ विचारायला गेले.