शुभेच्छापत्र आणि सात्त्विक दान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे या बुद्धीने, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्र पाहून आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशास दिलेले दान सात्त्विक होय. परतफेडीच्या वा फळाच्या आशेने, कष्टी मनाने दिलेले ते राजस. अस्थानी, अवेळी, अवज्ञेने दिलेले ते तामस. सणावारी व वाढदिवशी आपण जी शुभेच्छापत्रे धाडतो, त्यांवरील खर्च या कसोटीस लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्लंडात १८४० साली टपाल स्वस्त झाले आणि पत्रांचा पूर लोटला. इतक्या पत्रांना उत्तरे देणे अशक्य वाटून लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये हॉर्सली नामक चित्रकाराकडून नाताळचे छापील पत्र करविले. मधोमध आनंदात रमलेले कुटुंब, आणि दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र होते. पुढे ही प्रथा जगभर पसरली; परंतु कडेची ती दोन चित्रे मागे पडली.

आपल्याकडेही संक्रांतीस हलव्याची पुडी जोडलेली भेटकार्डे टपालाने जात. त्यामागे स्नेह होता, यात शंका नाही. तथापि ज्याचे पत्र आले त्यास पत्र, न आले त्याचे नाव पुढील वर्षी यादीतून कमी, असा हिशेबही हळूहळू शिरला. आज पत्राची जागा बव्हंशी भ्रमणध्वनीवरील चित्राने घेतली, तरी हिशेब तोच राहिला आहे. ही देवघेव आहे. तिला दान म्हणता येणार नाही.

मग हाच पैसा गरजवंताकडे का वळवू नये? एवढ्याशा रकमेने काय होणार, अशी शंका येईल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. बाबा आमटे यांच्या आनंदवनातील कुष्ठमुक्त व अपंग बंधुभगिनींनी बनविलेली भेटकार्डे घरोघर पोचली. तेथे पत्राचे मोलच श्रमाची भाकरी झाले. आपल्या नंदिगड्डे भागात तर पात्र शोधावयास दूर जाणे नको. जोयडा तालुक्यातील वस्त्या रानात विखुरलेल्या आहेत. एखाद्या मुलाच्या वह्या किंवा रुग्णास दवाखान्यापर्यंत नेण्याचे गाडीभाडे, एवढेही पुरे आहे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. “तुमच्या नावे दान केले” असा गाजावाजा केल्यास सात्त्विक दान पुन्हा राजस होते. दुसरे असे की, दूर गावी एकाकी राहणारी वृद्ध आत्या जर आपल्या पत्राची वाट पाहत असेल, तर तीच आपले पात्र होय. तिचे पत्र बंद करू नये. उलट ते स्वहस्ते व सविस्तर लिहावे.

मननासाठी प्रश्न :
१. आपल्या यादीतील किती नावे केवळ परतफेडीपुरती उरली आहेत?
२. आपल्या शेजारी असा कोण आहे, जो काहीच परत देऊ शकणार नाही?
३. त्याला दिलेले आपण कोणासही न सांगता राहू शकू काय?