पहिली वेबसाइट: आधी मजकूर, मग सॉफ्टवेअर

वेबसाइट म्हणजे मुळात साध्या मजकुराच्या काही फायली. एचटीएमएल ही भाषा पानाची रचना सांगते: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. सीएसएस त्या रचनेला रंग, अक्षरवळण आणि मोकळी जागा देते. बटण दाबल्यावर पानाने काय करायचे ते जावास्क्रिप्ट ठरवते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनाशुल्क खुले केले. त्यामुळे पहिले पान बनवायला परवाना लागत नाही, आणि फायली साध्या असल्याने महागडा संगणकही लागत नाही. नोटपॅड आणि ब्राउझर पुरतात.

काम सुरू होते ते मात्र कागदावर. देवगडच्या एखाद्या हापूस बागायतदारासाठी चार पानांची वेबसाइट करायची आहे असे धरले, तर गिऱ्हाइकाला काय हवे ते आधी लिहून काढावे लागते: यंदाचा दर, पेटीत किती डझन, पुण्या-मुंबईत घरपोच मिळेल का आणि फोन कोणाला करायचा. ही उत्तरे पहिल्याच पानावर, बोटाने फार न सरकवता दिसायला हवीत. बागेचा इतिहास आणि फवारणीची माहिती नंतरच्या पानांवर जाते. अनेक विद्यार्थी ही पायरी वगळून थेट रंग निवडायला बसतात. मग पान देखणे होते, पण फोन नंबर सापडत नाही.

दृश्य भागात पहिला प्रश्न येतो छायाचित्रांचा. मोबाइलवर काढलेला आंब्याच्या पेटीचा फोटो सहज चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर नेटवर्क कमी असलेल्या ठिकाणी पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची रुंदी बाराशे पिक्सेलवर आणून जेपेग म्हणून जतन केले, की तोच फोटो बहुधा दोन-तीनशे केबीत बसतो आणि पडद्यावर फरक जाणवत नाही. बोधचिन्हासाठी इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये रेषांनी काढलेले एसव्हीजी चित्र योग्य, कारण ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही. रंगांचेही मोजमाप असते. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरकाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात. हापूसच्या केशरी रंगात पांढऱ्यावर लिहिलेला दर या कसोटीला उतरत नाही. उन्हात मोबाइल धरणाऱ्या वयस्क माणसाला तो दिसतही नाही. केशरी रंग पट्ट्यांना ठेवावा आणि अक्षरे गडद असावीत.

मराठी मजकुराकडे शिकवणाऱ्यांचेच दुर्लक्ष असते, आणि ते खटकणारे आहे. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर चिकटवला, तर निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा, तरच तो शोधयंत्राला सापडतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू, किंवा टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत मिळतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे लागते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद एचटीएमएलच्या सुरुवातीलाच करावी.

पानावर ध्वनी किंवा चित्रफीत हवी असेल, तर ध्वनी स्वच्छ करायला ऑडॅसिटी आणि चित्रफीत जोडायला केडेनलाइव्ह ही मोफत साधने आहेत. चित्रफीत स्वतःच्या जागेवर न ठेवता यूट्यूबवर चढवून पानात बसवली की भार हलका राहतो. साधने मात्र बदलत राहतात. एका सॉफ्टवेअरवर सगळी भिस्त ठेवण्याचा धोका ॲनिमेशनच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरने दाखवून दिला. एकेकाळी मल्टिमीडियाच्या अभ्यासक्रमांत त्याला मानाचे स्थान होते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला आणि ते कौशल्य जवळपास निरुपयोगी झाले. एचटीएमएल आणि रंग-अक्षरांची जाण असलेल्यांचे मात्र काही अडले नाही.

तयार फायली गिटहब पेजेस या सेवेवर विनामूल्य ठेवता येतात. येथे नवशिक्याला एक हमखास अडचण येते: घरच्या विंडोज संगणकावर दिसणारा फोटो इंटरनेटवर दिसत नाही. बहुतेक सर्व्हर फाइलच्या नावातील मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे वेगळी मानतात, विंडोज मानत नाही. सगळी नावे लहान अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवली की प्रश्न मिटतो. स्वतःचे डोमेन घेतल्यास त्याला दरवर्षी शुल्क लागते. त्याची नोंदणी विद्यार्थ्याच्या पालकांच्या नावावर करावी, शिकवणाऱ्या क्लासच्या नावावर नव्हे.

शिक्षणाचे मार्ग बरेच आहेत. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात वेब डिझाइन आणि जावास्क्रिप्ट आहे. हा विषय केवळ गुणांसाठी घेतला जातो, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) ट्रेड आहे. चित्रकलेची ओढ असणाऱ्यांना उपयोजित कलेची पदवी घेता येते, तर युसीड ही प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देऊन आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी प्रयत्न करता येतो. साधी पाने आता वर्डप्रेस आणि एआय झटपट बनवून देतात, त्यामुळे नुसते पान बनवता येण्यावर नोकरी मिळणे कठीण होत जाणार. गिऱ्हाइकाची गरज ओळखून मांडणी करणारा आणि बिघाड कुठे आहे ते शोधणारा माणूस मात्र लागणारच.

म्हणून खासगी क्लासची मोठी फी भरण्यापूर्वी पालकांनी तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या, आज चालू असलेल्या वेबसाइटचे पत्ते मागावेत आणि ते स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावेत. पत्ते मिळाले नाहीत, तर प्रवेश घेऊ नये.