रविवारचा नेम : महागावच्या भाच्यास पत्र



‘उपासना’ हा शब्द ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे यांतून झाला आहे, आणि मन लागो वा न लागो, देवाजवळ येऊन बसणे हाच तिचा पाया आहे, हे त्या शब्दानेच सांगून ठेवले आहे. श्रद्धा ओसरली असताना मंडळीत जाऊन बसणे हा दांभिकपणा होईल, अशी भाच्याची शंका आहे. ती प्रामाणिक आहे, म्हणूनच तिचे उत्तरही मनापासून दिले पाहिजे. दांभिक तो, जो नसलेली श्रद्धा मिरवतो; जो रिकाम्या हातांनी येऊन शेवटच्या सतरंजीवर गप्प बसतो, त्याला त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चौथ्या वृत्तांतात, पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य एकत्र होते तेव्हा त्यांच्यापैकी थोमा तेथे नव्हता, आणि प्रभू दिसल्याचे इतरांनी सांगितले ते त्याला पटलेही नाही. थोमाच्या संशयाची चर्चा फार होते, परंतु आठ दिवसांनी तो संशय बरोबर घेऊनच त्याच बंद दाराआड इतरांमध्ये येऊन बसला, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्याला प्रभू भेटला तो तेथे. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती ज्या ग्रीक ‘एक्लेसिया’साठी वापरतात, त्याचा अर्थ बोलावून एकत्र केलेले लोक असा आहे, आणि त्यांत सर्वांची श्रद्धा एकाच दिवशी सारखी जागी असेल, अशी अपेक्षा नवा करारही करत नाही.

महागावच्या शिवारात वाढलेल्या माणसाला हे अवघड वाटू नये. कपाशीची सगळी बोंडे एका दिवशी फुटत नाहीत, म्हणून पहिल्या वेच्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेच्यासाठी त्याच तासांतून पुन्हा फिरावे लागते, आणि आज झाडावर पांढरे दिसत नाही म्हणून कोणी शेत सोडून देत नाही.

आध्यात्मिक जागृती, म्हणजे थंडावलेल्या विश्वासाला मंडळीत पुन्हा जीव येणे, ही अकस्मात घडणारी गोष्ट वाटते, पण तिच्याआधीचे दिवस पाहिले पाहिजेत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेरीस अशी जागृती झाली, तेव्हा मुली रडून पापांची कबुली देऊ लागल्या आणि प्रार्थना थांबेनात. परंतु त्याच वर्षाच्या आरंभापासून तेथे रोज नेमाने प्रार्थनेला बसणारा गट रमाबाईंनी जमवलेला होता, आणि तो हळूहळू वाढत गेला होता. ती कृपा त्या नेमाने विकत घेतली असे म्हणणे चुकीचे होईल, कारण कृपा विकली जात नाही; मात्र ती आली तेव्हा घरात कोणीतरी जागे होते.

महागावच्या यवतमाळ जिल्ह्याला मंडळी राखण्याच्या बाबतीत स्वतःची आठवण आहे. 1953 पासून 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शास्त्राचे शिक्षण देणारी संस्था, यवतमाळात होती, आणि नंतर ती पुण्याला गेली. संस्था हलवता येते. गावोगावच्या मंडळ्या मात्र तेथल्याच माणसांनी राखाव्या लागतात. मोठ्या शहरातील चर्चमध्ये एक जण आला नाही तर कदाचित कोणाच्या लक्षातही येत नसेल, पण तालुक्याच्या गावी, जेथे ख्रिस्ती घरे मोजकीच असतात, तेथे एका तरुणाच्या गैरहजेरीने गीताचा एक आवाज कमी होतो आणि म्हाताऱ्या उपासकांना ते जाणवते. मोबाइलवरचे प्रवचन आजाऱ्याला आधार देते, परंतु प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ वाटून घेतलेली भाकर व प्याला, पडद्यावरून हातात येत नाही.

मंडळीत भांडणे आहेत, मानपानाची ओढाताण आहे, हे भाच्याचे म्हणणे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण करिंथच्या मंडळीत याहून वाईट होते, आणि प्रेषित पौलाने तिला सोडून न देता पत्रे लिहिली.

म्हणून भाच्याने फार मोठा संकल्प करू नये. रोज रात्री घरात एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. रविवारी उपासनेआधी थोडे लवकर जाऊन सतरंज्या अंथरण्यास हात लावावा. प्रार्थना सुचली नाही तर इतरांच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणावे. एखादा रविवार वेचणीत गेला, तर त्याची लाज धरून पुढचा चुकवू नये. नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ, म्हणजे प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचा काळ, ऐन कापसाच्या हंगामात येतो. त्याच्या पहिल्या रविवारी भाच्याने आईला बरोबर घेऊन जावे, कारण पुष्कळ दिवस ती एकटीच जात आहे.

आशीर्वादपूर्वक,
मामा