हाताला आधार द्या, काम काढून घेऊ नका
(कंपवात या आजारासंबंधी एक अभ्यासपाठ)



आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक आहेत. वीसएक वर्षे त्यांनी शब्बाथशाळा चालवली. महिन्याच्या पहिल्या रविवारचे शास्त्रवाचनही त्यांच्याकडेच असे. दोन वर्षांपूर्वी वाचताना त्यांच्या हातातले पुस्तक हलू लागले आणि आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचेनासा झाला. कोणी म्हणाले, वय झाले. कोणी त्याहून वाईट कुजबुजले, कारण त्यांची चालही थोडी अडखळती झाली होती. ‘गुरुजींना त्रास नको’ असे म्हणून कमिटीने वाचन दुसऱ्याकडे दिले. गुरुजींना मात्र कोणी विचारले नाही. पुढे प्रभुभोजनाच्या रविवारी ते घरीच राहू लागले. हातातला प्याला सांडेल अशी त्यांना धास्ती वाटे. काही महिन्यांनी मेंदूरोगतज्ज्ञांनी निदान केले : पार्किन्सन्सचा आजार, म्हणजेच कंपवात.

आमची चूक तेव्हा आमच्या लक्षात आली. ती इतरत्र घडू नये म्हणून हा पाठ.

१. हा आजार काय आहे?

मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा असतो. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. चालणे, लिहिणे, बटण लावणे, हसणे या हालचाली सहज व्हाव्यात म्हणून ते द्रव्य लागते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्या का नष्ट होतात याचा पूर्ण उलगडा वैद्यकशास्त्राला अजून झालेला नाही. हा आजार संसर्गजन्य नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत तो आईवडिलांकडून आलेला नसतो. साधारणपणे तो साठीच्या आसपास दिसतो, पण काहींना चाळिशीतही होतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. लोक ज्यांच्याकडे पाहून पुढे जात, त्यांच्याकडे त्यांनी लक्ष देऊन पाहिले. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहेच. त्यावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेच या आजाराचे मुख्य औषध ठरले आणि आजही आहे.

२. जे दिसते त्याचा अर्थ नीट लावा

हात स्वस्थ असताना थरथरणे, स्नायू ताठर होणे आणि हालचाल मंदावणे ही मुख्य लक्षणे होत. ती बहुधा शरीराच्या एका बाजूने सुरू होतात. तोल जाण्याचा त्रास बहुधा पुढे सुरू होतो. काहींचा हात मुळीच थरथरत नाही, म्हणून ‘थरथर नाही तर कंपवात नाही’ हे खरे नव्हे. अक्षर बारीक होत जाते, वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होते. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे हेही असू शकते. यांतील काही गोष्टी निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून असतात.

गैरसमज येथेच होतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने चेहरा कोरा दिसतो आणि आपण म्हणतो, ‘यांना राग आला आहे.’ उत्तर यायला वेळ लागतो, तर आपण समजतो, ‘यांना कळत नाही.’ सकाळी चांगले चालणारा माणूस दुपारी खुर्चीतून उठत नाही, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. खरे पाहता औषधाचा अंमल चढतो-उतरतो, तशी शक्तीही कमीजास्त होते.

उदासीनता आणि चिंता ही याच आजाराची लक्षणे असू शकतात. तो विश्वासाचा दुबळेपणा नव्हे. त्यावरही उपचार आहेत, म्हणून डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. ‘कोणाच्या पापामुळे?’ हा प्रश्न तर कोणी तोंडातूनही काढू नये. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तोच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो मान्य केला नाही, हे आपण शब्बाथशाळेत शिकवतो. ते शेजारच्या बाकावरही लागू करू या.

३. निदान झाल्यावर काय करावे?

पहिले म्हणजे घाबरून जाऊ नये. आजार पुरता बरा करणारे औषध आजमितीस नाही, हे खरे. पण औषधे आणि व्यायाम यांच्या बळावर पुष्कळ जण अनेक वर्षे आपले काम करतात. प्रत्येकाचा आजार निराळ्या गतीने जातो. शेजारच्या गावचे कोणी अंथरुणाला खिळले म्हणून आपलेही तसेच होईल असे नाही.

निदान मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवरून होते. तपासणीला जाताना चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत. चक्कर येऊ नये म्हणून पुष्कळ जण महिनोन् महिने सिनारिझिन किंवा फ्लूनारिझिन घेतात. त्यांनीही अशी थरथर व ताठरपणा येऊ शकतो. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन ही औषधे कंपवात वाढवतात. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना आपला आजार आधी सांगावा.

लेव्होडोपाच्या गोळीची वेळ घड्याळ लावून पाळावी. ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक तासाने घेतात, कारण डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने तिच्या आड येतात. लोहाची गोळीही तिच्याबरोबर घेऊ नये. सुरुवातीला मळमळ होते, उठताना भोवंड येते. भास होणे, अनावर झोप येणे, किंवा काही औषधांनी जुगाराचा वा खरेदीचा नाद लागणे, असे झाल्यास लाजू नये, डॉक्टरांना सांगावे. गोळी एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे आहे. उपवास-प्रार्थनेच्या दिवशीही ती चुकवू नये. खाजकुयलीचे चूर्ण मनाने घेऊ नये, कारण त्यात औषधाचे प्रमाण किती हे कळत नाही.

व्यायाम हा अर्धा उपचार आहे. रोज झपाझप चालावे, हात हलवत, पाऊल लांब टाकत. मोठ्याने वाचावे, मोठ्याने गावे. त्याने आवाज टिकतो.

४. घरच्यांसाठी

घाई करू नका. बटण लावायला दहा मिनिटे लागली तरी लावू द्या. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढू नका. त्यांना थांबू द्या, मग ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणा, किंवा फरशीवरची रेघ ओलांडायला सांगा. पाऊल उचलले जाते. पायाखालची सतरंजी काढा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. जेवताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

सांभाळणाऱ्या पत्नीला, मुलीला, सुनेला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळाली पाहिजे. थकलेला माणूस दुसऱ्याला सावरू शकत नाही. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीयांसाठी मराठीत काम करते. २००१ साली मुंबईत सुरू झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीची आधारकेंद्रे अनेक शहरांत आहेत. अशा ठिकाणी जाण्यात कमीपणा नाही.

५. मंडळीसाठी

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड झाले. अहरोन व हूर यांनी त्याला टेकडीवरून खाली पाठवले नाही. त्याला बसायला धोंडा दिला, दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. काम मोशेचेच राहिले. आपल्याला शिकण्यासारखे ते हेच.

आमच्या गुरुजींकडे शेवटी पाळकसाहेब आणि दोघे वडील गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाचन काढून घेतले त्याचे वाईट वाटले नाही. मला न विचारता काढले, त्याचे वाटले.” आता ते बसून वाचतात. समोर मोठ्या अक्षरांचे पुस्तक लाकडी स्टँडवर असते, तोंडाजवळ मायक्रोफोन. वाचनाची वेळ त्यांच्या गोळीच्या वेळेशी जुळवली आहे. प्रभुभोजनात त्यांचा प्याला अर्धाच भरतात आणि त्यांच्या बाकापाशी नेऊन देतात. हात अजून थरथरतो. पण त्याकडे आता कोणी वळून पाहत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

मुलांना जाड हातमोजे घालून शर्टाची बटणे लावायला व आपले नाव लिहायला सांगा. बाकीच्यांनी ‘लवकर, लवकर’ म्हणावे. मग त्यांना कसे वाटले ते विचारा. दुसऱ्या खेपेस सर्वांनी शांतपणे थांबावे. या दोन्ही वेळांतला फरक मुले स्वतःच सांगतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. कोऱ्या चेहऱ्यावरून किंवा मंद चालीवरून आपण कोणाविषयी चुकीचे मत केले आहे काय?

२. आपल्या मंडळीत आजारामुळे कोणाचे काम काढून घेतले गेले आहे? त्यांना विचारले होते काय?

३. ते काम त्यांना पुन्हा करता यावे म्हणून कोणता ‘धोंडा’ आणून ठेवता येईल?

४. घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला या आठवड्यात एक मोकळी संध्याकाळ कोण देईल? नाव ठरवूनच वर्ग संपवा.