स्पोर्टी की आरामशीर? उत्तर स्प्रिंगमध्ये शोधा!

मित्रहो, होस्टेलच्या मेसमध्ये भाजीवरून जेवढी भांडणे होत नाहीत, तेवढी गाड्यांवरून होतात. त्यातला कायमचा सामना म्हणजे 'बीएमडब्ल्यू भारी की मर्सिडीज?' एक पार्टी म्हणते, चालवावी तर बीएमडब्ल्यू. दुसरी म्हणते, बसावे तर मर्सिडीजमध्ये. महिनाअखेरीला दोन्ही पार्ट्यांच्या खिशात चहापुरते पैसे नसतात, हा भाग वेगळा! पण प्रश्न मात्र चांगला आहे. व्हायब्रेशन्सच्या पेपरात आपण जे फॉर्म्युले ओतून येतो, तेच या भांडणाचा निकाल लावतात. तर चला, एकदा आकडेमोड करून बघू.

दोन गाड्या, दोन स्वभाव

मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सिरीज ही या वर्गातली जुनी जोडी. ई-क्लासशी आपले नाते जवळचे. १९९५ साली तिची जुळणी पुण्यात, पिंपरीच्या टेल्कोच्या कारखान्यात सुरू झाली आणि २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना उघडला. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ जुळणी सुरू केली. दोन्ही गाड्या जर्मन, किमतीही जवळपास. पण परंपरेने ई-क्लासचा ओढा आरामाकडे आणि ५ सिरीजचा ओढा ड्रायव्हरच्या आनंदाकडे. हा स्वभाव येतो कुठून?

दबण्याचे गणित

गाडी स्प्रिंगवर उभी असते, तेव्हा स्वतःच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबते तिला स्टॅटिक डिफ्लेक्शन म्हणतात. ते सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. आली नॅचरल फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये! (जी ची किंमत आणि दोन पाय घालून स्वतः करून बघा. ४.९८ येते, सर तेवढे सोडतात.)

आता उलटे जाऊ. १ हर्ट्झसाठी दब २५ सेंमी, १.५ हर्ट्झसाठी ११ सेंमी आणि २ हर्ट्झसाठी सव्वासहा सेंमी. साधारणपणे आरामशीर गाडी १ ते १.२ हर्ट्झच्या आसपास ठेवतात आणि स्पोर्टी गाडी १.५ ते २ च्या दरम्यान. माणसाच्या शरीराला ४ ते ८ हर्ट्झची उभी कंपने सर्वांत जास्त त्रास देतात. गाडीची फ्रिक्वेन्सी त्याच्या जितकी खाली, तितके रस्त्याचे हादरे सीटपर्यंत कमी पोचतात.

मग अर्धा हर्ट्झच का नको? कारण दब येईल १०० सेंमी! एक मीटर दबणारी स्प्रिंग बसवणार कुठे? शिवाय अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेले की बोट लागते तसे मळमळायला लागते. म्हणजे आरामालाही खालची मर्यादा आहे.

स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा शॉकअप. आरामशीर गाडीत डॅम्पिंग रेशो ०.२ ते ०.३ च्या आसपास असतो, स्पोर्टी गाडीत त्याहून बराच जास्त. डॅम्पिंग जास्त असले की गाडी एका हेलकाव्यात शांत होते, पण बारीक खड्ड्यांचे धक्के थेट आत येतात.

एक मोठा गैरसमज

'सस्पेन्शन कडक म्हणजे ग्रिप जास्त' हे वाक्य प्रत्येक रूमवर ऐकू येते. तपासून बघू. गाडी १८०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमीवर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.६ मीटर. वळणावर ०.५ जी चे आडवे त्वरण आहे. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारे वजन :

१८०० × ०.५ × ०.५५ ÷ १.६ = सुमारे ३०९ किलो.

या सूत्रात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही! स्प्रिंग कडक करा नाहीतर मऊ करा, वजन तेवढेच सरकणार. ते कमी करायचे तर गाडी बसकी हवी, रुंद हवी किंवा हलकी हवी. मग कडक सस्पेन्शनने मिळते काय? गाडी कमी कलते, टायर रस्त्यावर सरळ बसून राहतो आणि स्टिअरिंगला गाडी पटकन उत्तर देते. ड्रायव्हरला जी 'मजा' येते ती या झटपट उत्तराची. हे सगळे गुळगुळीत रस्त्यावर. रस्ता उखडलेला असेल तर कडक गाडीचे चाक उडते, आणि हवेत असलेल्या चाकाला ग्रिप शून्य. खराब रस्त्यावर बऱ्याचदा मऊ गाडीच जास्त सुरक्षित ब्रेक मारते, ती यामुळे.

टायरची भिंत

शोरूममध्ये सेल्समन मोठ्या अलॉय व्हीलकडे बोट दाखवतो. दोन साइज घ्या : २२५/५५ आर १७ आणि २४५/४० आर १९. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६७९ मिमी. पण टायरच्या भिंतीची उंची पहिल्यात १२४ मिमी, दुसऱ्यात फक्त ९८. ही भिंत म्हणजे खड्ड्याशी भिडणारी पहिली स्प्रिंग. तिचे २६ मिमी गेले की वळणावर टायर कमी मुरडतो खरा, पण खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही वाढते. रन-फ्लॅट टायरची भिंत तर हवा गेली तरी गाडी पेलावी म्हणून मुद्दाम कडक केलेली असते. म्हणून गाडीचा स्वभाव बदलायचा स्वस्त उपाय म्हणजे लहान रिम आणि उंच टायर, अर्थात कंपनीने मान्य केलेल्या साइजमध्येच.

गतिरोधकाची परीक्षा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. ३.१ मीटर व्हीलबेसच्या गाडीची चारही चाके त्यावर आली, तर पोटाखाली उंचवटा येतो जेमतेम ७ सेंमीचा. कुठलीही सेदान निघून जाईल. पण आपल्या गल्लीतला गतिरोधक अरुंद आणि ढेपाळ असतो. तिथे पूर्ण उंची पोटाखाली येते.

आता स्प्रिंगने पेललेले वजन १७०० किलो धरा आणि आत चार माणसे व सामान मिळून ३०० किलो चढवा. १ हर्ट्झची गाडी आणखी ४.४ सेंमी बसेल, १.५ हर्ट्झची फक्त २ सेंमी. म्हणजे मऊ गाडी भरली की पोट घासायला तयार! स्पोर्टी गाडी कमी दबते, पण मुळातच बसकी असते. यावर उपाय एअर सस्पेन्शन. भार वाढला की ते फुग्यात हवा भरून गाडी पुन्हा उंचीवर आणते आणि फ्रिक्वेन्सीही फारशी बदलू देत नाही.

दोन्ही एकत्र मिळेल का?

काही अंशी मिळते. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये चुंबकीय द्रवाचे डॅम्पर आले. विजेने त्या द्रवाचा दाटपणा क्षणात बदलतो. आज अनेक लक्झरी गाड्यांत 'कम्फर्ट' आणि 'स्पोर्ट' अशी बटणे असतात. पण लक्षात ठेवा, स्टीलची स्प्रिंग असेल तर बटणाने फक्त डॅम्पर बदलतो, स्प्रिंग तीच राहते.

आणि बाजार कुठे चालला आहे ते बघा. २०१७ मध्ये मर्सिडीजने भारतात लांब व्हीलबेसची ई-क्लास आणली, मागच्या सीटवर बसणाऱ्या मालकासाठी. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनेही ५ सिरीज लांब करून आणली, व्हीलबेस ३१०५ मिमी. ड्रायव्हरसाठी प्रसिद्ध असलेली गाडीसुद्धा इथे मागच्या सीटकडे सरकली. व्हीलबेस लांब असला की गाडी पुढे-मागे कमी डुलते. वळायला मात्र जागा जास्त लागते.

मग निवडायची कशी?

तीन प्रश्न विचारा. मालक चालवणार की मागे बसणार? रोजचा रस्ता एक्सप्रेस वे आहे की खड्ड्यांचा? गाडीत नेहमी किती माणसे असतात? स्वतः चालवायची, रस्ता चांगला आणि माणसे एक-दोन, तर स्पोर्टी घ्या. ड्रायव्हर ठेवणार, घरात आजी-आजोबा आहेत आणि गावाकडे जाणे-येणे आहे, तर आरामशीर घ्या. टेस्ट ड्राइव्हला अर्धा वेळ मागच्या सीटवर बसा आणि गाडी मुद्दाम उखडलेल्या रस्त्यावर ४० च्या वेगाने न्या. आपल्या सरांपैकी कोणी एअर सस्पेन्शनची जुनी लक्झरी गाडी बघत असतील, तर ती रात्रभर उभी करायला सांगा आणि सकाळी बघा. एखादा कोपरा बसलेला दिसला, तर हवा गळते आहे आणि खर्च मोठा आहे.

शेवटी आपल्यासाठी एक गोष्ट. आपण लक्झरी गाडी घेऊ तेव्हा घेऊ, पण सेकंडहँड गाडीच्या स्प्रिंगा कापून तिला 'स्पोर्टी' करणारे महाभाग प्रत्येक कॉलेजात असतात. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, दबायची जागा कमी होते आणि शॉकअप तोच राहिल्याने डॅम्पिंग रेशो सुमारे ९ टक्क्यांनी घसरतो. म्हणजे गाडी बसकी दिसते, पण जास्त उडते आणि उशिरा शांत होते. कंपनीच्या इंजिनिअरने स्प्रिंग, शॉकअप आणि टायर यांचे गणित एकत्र मांडलेले असते. त्यातला एकच आकडा बदलून बाकीचे तसेच ठेवले, तर पेपरात मार्क जातात, रस्त्यावर जीव. तेव्हा मित्रहो, ग्राइंडर हातात घेण्याआधी पेन हातात घ्या.