निवेदनाचं पुढे काय होतं?

प्रश्न : वॉर्डातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आमच्या बचत गटाच्या बायकांनी तीनदा निवेदन दिलं. दरवेळी फोटो निघतो, पेपरात छापून येतो, पुढे काहीच नाही. साध्या माणसांच्या निवेदनाने सरकार कधी खरंच हललंय का?
– एक वाचक, ढाणकी (ता. उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : हललंय. पण आधी मला सांगा, निवेदन दिलं कोणाला? हा प्रश्न ढाणकीकरांना जरा जास्तच लागू आहे. तुमचा जिल्हा यवतमाळ, तुमचे आमदार उमरखेडचे आणि खासदार मात्र हिंगोलीचे. दारू हा राज्याचा विषय, त्यामुळे खासदारांच्या हाती दिलेला कागद चुकीच्या दारात पडला असं समजा. शेतमालाचं आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याचं गाऱ्हाणं असेल तर ते दार बरोबर, कारण 1955 चा तो कायदा केंद्राचा. निम्मी निवेदनं विरोधामुळे नाही, पत्ता चुकल्यामुळे मरतात. आणि आवक क्रमांक घेतला नसेल तर तुमचं निवेदन फक्त फोटोतच आहे.

आता सरकार हललं कसं, ते बघायला चंद्रपूरला जाऊ. शेजारच्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत आधीपासून दारूबंदी होती. गडचिरोलीत ती 1993 साली लोकांच्या आंदोलनातून आली. मग आमच्याच जिल्ह्यात का नाही, असं चंद्रपूरच्या बायकांनी विचारलं. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने आधी गावोगावी ग्रामसभांचे ठराव घ्यायला लावले. असे ठराव 588 ग्रामपंचायतींचे जमले. डिसेंबर 2010 मध्ये हजारो बायका चिमूरहून चालत नागपूरला निघाल्या. डिसेंबरच का? कारण नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि मुंबईचं अख्खं मंत्रिमंडळ तेवढे दिवस विदर्भाच्या अंगणात येऊन बसतं. पुढे 2011 मध्ये संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समिती म्हणजे फाइल बासनात, असं आपण धरूनच चालतो. या बायकांनी तसं धरलं नाही, मागणी चालूच ठेवली. एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने तीच बंदी उठवली. अवैध दारू वाढली, हे सरकारचं म्हणणं. बंदीने दारू सुटते का, याबद्दल माझ्याही मनात शंका आहे. पण गडचिरोलीची बंदी टिकली आणि चंद्रपूरची गेली, यात मला एक फरक मोठा वाटतो. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ने गावागावांत समित्या उभ्या केल्या, कायदा झाल्यावर जवळजवळ पाव शतकाने. म्हणजे मागणी मान्य झाल्यानंतरही माणसं कामाला लागलेलीच होती.

वेळ किती लागतो म्हणाल, तर जादूटोणाविरोधी कायदा आठवा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते 1995 पासून आमदारांच्या मागे होते. मसुदे बदलले, नावं बदलली, सरकारं बदलली. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. अठरा वर्षं! इंग्लंडात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध 1792 साली एका दमात 519 अर्ज पार्लमेंटमध्ये गेले होते, तरी तो व्यापार बंद व्हायला 1807 उजाडलं. तुमची तीन निवेदनं म्हणजे अजून सुरुवातच आहे.

आमदारांकडे गेलातच तर नुसतं ‘लक्ष घाला’ म्हणू नका. तारांकित प्रश्न विचारा, लक्षवेधी लावा किंवा आमचा अर्ज सही करून सभागृहात मांडा, म्हणजे तो विनंती अर्ज समितीपुढे जाईल, असं नेमकं मागा. नेमकी मागणी टाळणं अवघड जातं.

पण तुमच्या एका दुकानासाठी कायदा बदलायची गरजच नाही. 2008 च्या शासन आदेशाची ‘आडवी बाटली’ आहे ना! महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, मग गुप्त मतदान होतं. मेख पुढे आहे. निम्म्याहून जास्त मतं हवीत, ती मतदानाला आलेल्यांतली नव्हे तर यादीतल्या एकूण महिलांतली. समजा वॉर्डाच्या यादीत 800 बायका आहेत. पाचशे आल्या, त्यातल्या 390 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान उभंच राहणार, 401 पाहिजेत. घरी बसलेली प्रत्येक बाई न बोलता दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

आणि तुमच्या भागातल्या कितीतरी बायका दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. तेव्हा अर्ज देताना जिल्हाधिकाऱ्यांकडे मतदानाची तारीख मागा ती त्या घरी असतानाची. हिवाळ्यातली तारीख पडली, तर मतदान व्हायच्या आधीच दुकानदार जिंकलेला असेल.