मोटारसायकलची साखळी व दातेरी चक्रे : निगा आणि बदल

बैलगाडी जुंपण्यापूर्वी आसाला वंगण घालावे, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. त्याच अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या साखळीकडे मात्र ती तुटेपर्यंत क्वचितच लक्ष दिले जाते. दूध संकलन केंद्रावर कॅन पोचविणे, भाजीपाला बाजारास नेणे, खताचे पोते शेतावर आणणे ही कामे आज मोठ्या प्रमाणावर हेच वाहन करते. धावत्या गाडीची साखळी उतरून मागील चाकात अडकली, तर चाक एकदम बांधले जाते आणि चालक व माल दोन्ही रस्त्यावर पडतात. हा धोका टाळणे घरच्या घरी शक्य आहे. त्यासाठी साखळीची झीज कशी होते हे समजून घेणे आवश्यक आहे.

साखळी लांब का होते

आजच्या गाड्यांवरील रोलर साखळीचा शोध हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे लावला. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती पोकळ नळी आणि नळीवर फिरणारा रोलर असतो. साखळी ताणून वाढते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. पिन व नळी एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील ती अल्पशी झीज एकत्र होऊन साखळी लांब होते. लहान मोटारसायकलींवर बहुधा ४२८ क्रमांकाची साखळी असते. तिच्या दोन पिनांमधील अंतर १२.७ मि. मी. असते. अशा ११० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा केवळ पाव मि. मी. झिजला, तरी एकूण लांबी सुमारे २७ मि. मी. ने वाढते.

काळ्या जमिनीच्या भागात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ सांध्यांत शिरते. तेल व माती यांचे मिश्रण सहाणेसारखे काम करते व झीज वाढते.

झीज कशी ओळखावी

१) मागील चक्राच्या अगदी मागच्या बाजूस साखळी बोटांनी बाहेर ओढावी. दाताचा निम्म्याहून अधिक भाग उघडा दिसल्यास साखळी बाद समजावी.

२) साखळी ताणून धरून ओळीने २१ पिना मोजाव्यात. पहिल्या व शेवटच्या पिनेच्या मध्यांतील अंतर नव्या साखळीत २५४ मि. मी. असते. ते २५९ मि. मी. झाले, म्हणजे वाढ २ टक्क्यांवर गेली, की साखळी बदलावी.

३) चक्रांचे दात पाहावेत. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात विळ्याच्या टोकाप्रमाणे एका बाजूस वाकलेला दिसतो.

स्वच्छता व वंगण

दर ५०० ते १,००० कि. मी. नंतर, तसेच चिखलातून किंवा पाण्यातून गाडी गेल्यावर, साखळी रॉकेलने व मऊ ब्रशने स्वच्छ करावी, फडक्याने कोरडी करावी आणि ९० क्रमांकाचे गिअर ऑईल रोलरच्या दोन्ही कडांना थेंब थेंब सोडावे. अर्ध्या तासाने वरचे जादा तेल पुसून घ्यावे. इंजिनातून काढलेले काळे तेल कदापि वापरू नये. त्यात धातूचे कण असतात. वरून ग्रीस थापल्यास ते सांध्याच्या आत पोचत नाही, उलट धूळ धरून ठेवते. साफसफाईसाठी पेट्रोल वापरू नये. त्यात आगीचा धोका आहे आणि कड्यांमध्ये रबरी कडी असलेली साखळी त्याने खराब होते.

येथे एक सूचना विशेष लक्षात ठेवावी. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके लावण्याची सवय अनेकांना असते. फडके चक्रात ओढले जाते व त्याबरोबर बोटेही जातात. इंजिन बंद ठेवावे, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि चाक हाताने फिरवावे.

ताण बसविणे

गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. साखळीवर पूर्ण झाकण असल्यास त्याचे रबरी बूच काढावे. चाक हळूहळू फिरवून साखळी सर्वांत घट्ट असेल ती जागा शोधावी. तेथे खालच्या बाजूच्या मध्यावर ती वरखाली हलवून पाहावी. पुष्कळशा लहान गाड्यांत ही हालचाल २० ते ३० मि. मी. असावी लागते, आपल्या गाडीचे नेमके माप तिच्या पुस्तिकेत पाहावे.

ताण बदलण्यासाठी मागील आसाचा नट, तसेच चक्राच्या बाजूस स्लीव्ह नट असल्यास तोही, सैल करावा. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत व दोहोंवरील खुणा जुळल्याची खात्री करावी. न जुळल्यास चाक तिरके बसते. नंतर नट पूर्ण आवळावेत. साखळी अति घट्ट ठेवणे हेही नुकसानकारक आहे. मागे भार ठेवल्यावर चाक वर सरकते व साखळी आणखी ताणली जाते; त्याचा ताण इंजिनातील बेअरिंगवर येतो.

बदल संचासह करावा

पैसे वाचविण्यासाठी केवळ साखळी बदलण्याचा मोह होतो. परंतु जुने चक्र झिजलेल्या साखळीच्या वाढलेल्या अंतरास अनुरूप झालेले असते. त्यावर नवी साखळी बसविल्यास ती नीट बसत नाही व लवकर झिजते. पुढील चक्रास १४ व मागील चक्रास ४२ दात असल्यास पुढचा प्रत्येक दात तिप्पट वेळा काम करतो, म्हणून तेच चक्र आधी जाते. साखळी व दोन्ही चक्रे एकाच वेळी बदलणे अंती स्वस्त पडते. संच आपल्याच गाडीच्या क्रमांकाचा घ्यावा व पावती जपून ठेवावी.

जुनी साखळी चढलेली असतानाच, मदतनिसास मागील ब्रेक दाबण्यास सांगून, पुढील चक्राचे बोल्ट सैल करावेत. मग साखळीचे लॉक काढावे. मागील चाक उतरविल्यावर हबमधील रबरी ठोकळेही तपासावेत. नवी साखळी बसविताना लॉकच्या क्लिपची बंद बाजू साखळी धावते त्या दिशेस असावी. ती उलट बसली, तर घर्षणाने किंवा दगड लागून क्लिप निघू शकते. क्लिप नेहमी नवी वापरावी.

ब्रेक पाहिल्याखेरीज काम पूर्ण नाही

ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागेपुढे सरकले की मागील ब्रेकचा ताण बदलतो. म्हणून पायातील ब्रेकची मोकळी हालचाल पुन्हा पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. ब्रेक पूर्ण दाबला असता दांड्यावरील बाण ड्रमवरील खुणेशी येऊन ठेपला, तर ब्रेकचे शू झिजले आहेत असे समजावे व ते बदलून घ्यावेत. प्रथम गाडी सावकाश चालवून ब्रेक पाहावा व मगच माल लादावा. गंजून बसलेले बोल्ट किंवा डगमगणारे चाक आढळल्यास काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

पेरणीच्या धांदलीपूर्वी एखाद्या सायंकाळी चावडीपुढे एक गाडी उभी करून हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. झिजलेले व नवे चक्र शेजारी ठेवल्यास दातांतील फरक व्याख्यानाविना समजतो. प्रत्येक गाडीधारकाने लहानशा वहीत वंगणाची तारीख, कि. मी. चा आकडा व बदललेले भाग नोंदवावेत. आठवड्यातील पंधरा मिनिटांची ही निगा हंगामाच्या ऐन दिवसांत गाडी चालू ठेवील आणि गाडीवरील माणूस सुखरूप घरी आणील.